सरखे केलेले शंख

बडोद्यात मांजलपूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली प्लॅस्टिकचे सहा डबे आहेत. त्यांत स्वच्छ धुतलेले, आकाराप्रमाणे निवडलेले शंख-शिंपले आहेत. शेजारी बुटांच्या खोक्यात जुन्या चिठ्ठ्या आहेत, वर्णानुक्रमे लावलेल्या, दर अक्षराला वेगळं रबर घातलेलं. कुणीही पाहिलं तर म्हणेल, किती नीट ठेवलंय. माझी सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली, नीट ठेवणं हेच माझं काम होतं.

हे सगळं माझ्या आत्याचं. ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि शंख-शिंपल्यांचा अभ्यास करायची. मी तिचे शंख नीट लावले आणि त्या नीट लावण्यात तिचं आयुष्यभराचं काम मोडलं. ती गेली त्याला आठ महिने झाले. लिहायला बसले की मी आधी तिच्याबद्दल चांगलं चांगलं लिहू लागते आणि मूळ गोष्ट राहून जाते, म्हणून या वेळी ती आधीच लिहून टाकली. पण मी नेमकं काय मोडलं हे कळायचं तर तिच्याबद्दलही सांगायलाच हवं.

माझे आजोबा बडोदे संस्थानात नोकरीला होते. संस्थानाचा एक तुकडा पार पश्चिमेला, समुद्राच्या टोकाशी होता, ओखामंडळ. आजोबांची तिथे बदली झाली तेव्हा आत्या सहा-सात वर्षांची होती. तोवर तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बडोद्याचा सूरसागर तलाव. ओख्याला ओहोटी लागली की समुद्र दूरवर मागे सरायचा आणि खाली ओली जमीन उघडी पडायची. कुणीतरी घर उघडं टाकून बाहेर गेल्यासारखं वाटायचं, असं ती सांगायची. त्या घरात ती रोज शिरायची. पुढे सगळे बडोद्याला नागरवाड्यात परत आले तेव्हा तिनं पत्र्याचा डबा भरून शंख आणले. आठवड्याभरात डब्याला असा वास सुटला की आजीनं तो जिन्याखाली नेऊन ठेवला. शंखात कुणीतरी राहत असतं हे मला वासानं कळलं, असं आत्या म्हणायची. ती हे हसत सांगायची, पण शेवटी तिचं हसू राहत नसे. त्या डब्यातले सगळे तिनं मारले होते.

कॉलेजात प्राणिशास्त्र घेणाऱ्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. संशोधनाला विषय म्हणून तिनं शंख मागितले तेव्हा तिचे मार्गदर्शक म्हणाले, हरकत नाही, पण मुलीनं किनाऱ्यावर मुक्काम करायचा नाही, मुलगे आणतील त्या नमुन्यांवर काम करावं. दुसऱ्यानं उचललेल्या शंखाला मी काय विचारू, असं तिनं त्यांना विचारलं. शेवटी तडजोड झाली, घरचं कुणीतरी सोबत हवं. आजोबा तोवर गेले होते, माझे वडील नुकते नोकरीला लागले होते. मग सोबत कोण, तर आजी.

आणि इथे एक अडचण आली. समुद्र सगळ्यात जास्त उतरतो तो अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत. म्हणजे बडोद्याहून निघायचं ते पुष्कळदा अमावस्येला. आमच्या घरात अमावस्येला कुणी घराबाहेर मुक्कामाला जात नसे. आजीनं त्यावर जुना उपाय काढला. प्रवासाचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या मुहूर्तावर सामानातली एखादी वस्तू शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. लोक सुपारी ठेवतात, उपरणं ठेवतात. आजी आत्याची चाळण आणि बादली नेऊन ठेवायची. शेजारच्या बाई विचारायच्या, मुलीला स्थळं बघायला चालला आहात का. आजी सांगायची, हो, पण बादली घेऊन.

अशी पंधरा-सोळा वर्षं आजी तिच्याबरोबर गेली. नऊवारीचा काचा घट्ट मारून ती खडकावर बसायची, दशम्यांचा डबा मांडीवर. पुढे पुढे तीही खाली उतरून शोधू लागली. आत्याच्या चिठ्ठ्यांवर एक रकाना असायचा, 'उचलणारी'. बहुतेक चिठ्ठ्यांवर तिथे 'स्वतः' आहे. पण पुष्कळशा चिठ्ठ्यांवर 'आई' आहे. लॅटिन नावाखाली, काळ्या शाईत, एवढंच.

आत्याचा प्रश्न एका अगदी साध्या शंखाबद्दल होता. बोटाच्या पेराएवढा, उभट, मातकट रंगाचा. त्याचं लॅटिन नाव लांबलचक, घरात आम्ही त्याला करडा म्हणत असू. शंखाचं तोंड जिथे उघडतं त्या कडेला ती ओठ म्हणायची. खाडीच्या चिखलात वाढलेल्या करड्याचा ओठ जाड, खडकावर वाढलेल्याचा पातळ, असं तिला सुरुवातीलाच दिसलं. असं का होतं, आणि वर्षं जातात तसा हा फरक बदलतो का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिनं किनाऱ्यावर अकरा ठिकाणं ठरवली आणि चाळीस वर्षं त्याच अकरा ठिकाणांहून तोच करडा शंख आणला. दुसऱ्या सुंदर शंखांची तिला आवड नव्हती असं नाही, तेही कपाटात होते. पण दोन मोठ्या लाकडी कपाटांतले बहुतेक खण या करड्यांचेच.

नागरवाड्यातले एक होमिओपॅथीचे डॉक्टर तिच्यासाठी गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या जमवून ठेवायचे. एका बाटलीत एका ठिकाणचे, एका दिवशीचे दहा-बारा करडे, वर कापूस, आणि आत गुंडाळून चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख, तिथी, पाणी किती उतरलं होतं, उचलणारी. शाळेत असताना मी सुट्टीत तिच्याकडे गेले की चिठ्ठ्या कापायचं काम माझ्याकडे असे. एकदा मी एक बाटली तशीच बंद केली, चिठ्ठी बाहेर राहिली. तिनं ती उघडली, शंख तळहातावर ओतले आणि मला म्हणाली, "चिठ्ठी नसेल तर हा नुसता चुना. पानाला लाव आणि खा."

हे वाक्य मला तेव्हापासून पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यांत फरक असतो, एवढंच मी स्वतःच्या बाजूनं म्हणू शकते.

तिनं लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर ती सुभानपुऱ्यात एका सोसायटीतल्या टेनामेंटमध्ये, म्हणजे जोडघरात, राहायची, खाली दोन खोल्या, पुढे ओटा. सोसायटीत तिला सगळे शंखवाळां मासी, म्हणजे शंखवाल्या मावशी, म्हणायचे. दर अमावस्येची चौकशी करते म्हणून काहींना ती फार धार्मिक वाटायची. एकदा शेजारच्या बेन हातरुमालात गुंडाळून एक शंख घेऊन आल्या. देवघरात ठेवायला घेतलेला, उजव्या बाजूला उघडणारा, दुर्मीळ. खरा आहे का बघा म्हणाल्या. आत्यानं तो उलटा धरला आणि सांगितलं, आमच्या शास्त्रात हा डावा. तुम्ही निमुळती नळी वर धरता, आम्ही शेंडी वर धरतो. त्यांचा चेहरा पडला तेव्हा ती लगेच म्हणाली, "खरा आहे हो. शंख बदलत नाही, धरणारा बदलतो."

दोन-तीन छोटे लेख सोडले तर तिनं करड्यावर फारसं छापलं नाही. अजून एक उन्हाळा, म्हणायची. मग पुढचा. मग गुडघे गेले, ओखा थांबलं. तरी ती रोज सकाळी एक खण काढून बसायची.

गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. माझा मुलगा पुण्याला असतो, हे गेल्यापासून मी एकटीच. मी तिला मांजलपूरला माझ्याकडे आणलं. त्याच सुमारास सुभानपुऱ्याची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं आणि महिन्याभरात घर रिकामं करायचं आलं. आत्या पलंगावरून उठू शकत नव्हती. तिनं मला किल्ल्या दिल्या आणि भांडी, कपडे, पुस्तकं यांबद्दल एक शब्द न बोलता एवढंच म्हणाली, "खण तसेच येऊ देत."

मला वाटलं, ती फुटण्याबद्दल बोलते आहे.

कपाटं माझ्या लिफ्टमध्ये मावणार नव्हती, माझ्या खोलीतही नाही. मी खण काढून बघितले. बाटल्यांची बुचं काळी पडलेली, कापसाला बुरशी, आणि कितीतरी शंखांवर पांढरी पूड धरलेली. लाकडाच्या आंबट वाफेनं असं होतं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिचा संग्रह सडतो आहे, आणि ती बिचारी डोळे अधू झाल्यामुळे हे बघू शकलेली नाही. मला तिची कीव आली. त्या किवेतूनच पुढचं सगळं झालं. तिच्या इच्छेपेक्षा मला तिचं हित जास्त कळतं, असं मला त्या दुपारी वाटलं.

शेजारच्या बेन मदतीला आल्या होत्या. त्यांनी चार-पाच बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "आ तो बधां सरखां ज छे, बेन. बधूं सरखूं करी नाखो ने."

आमच्या बडोद्याच्या मराठीत हा शब्द कधीचा येऊन बसला आहे. सरखं म्हणजे सारखं, एकासारखं एक. आणि सरखं करणं म्हणजे आवरणं, नीट लावणं. लहानपणी आई म्हणायची, चादर सरखी कर. बेनच्या बोलण्यात दोन्ही होतं. हे सगळे सारखेच आहेत, सगळं आवरून टाका. मी तेच केलं. मी आत्याचे शंख सरखे केले, दोन्ही अर्थांनी.

तीन दिवस मी ते काम केलं. बाटल्या उघडून शंख बादलीत ओतले, साबणाच्या पाण्यात धुतले, ओट्यावर चादरीवर वाळवले. करडे वेगळे, कवड्या वेगळ्या, शिंपले वेगळे. करड्यांत लहान-मोठे वेगळे. चिठ्ठ्या मी फेकल्या नाहीत. ग्रंथालयात काम केलेलं माणूस लिहिलेला कागद फेकत नाही. मी त्या एकेक उलगडल्या, पुसल्या, पुस्तकात दाबून सरळ केल्या आणि नावांच्या वर्णानुक्रमे लावल्या. करड्याच्या नावाचा गठ्ठा सगळ्यांत जाड झाला. मला वाटलं, आता कुणीही जाणकार शंख ओळखून त्याच्या नावाची चिठ्ठी चटकन काढू शकेल. पुस्तकाचं लेबल निघालं तर आपण आत बघतो, पुस्तक आपलं नाव स्वतः सांगतं. आयुष्यभर मी हेच केलं होतं. शंख फक्त आपलं नाव सांगतो. कुठला, कधीचा, कुणी उचलला, ते फक्त चिठ्ठी सांगते. आणि तिला तर नावाशी काही कर्तव्यच नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी मी सहा डबे रिक्षात घालून मांजलपूरला आणले. आत्याला सांगितलं, सगळं नीट आणलंय. दाखवीन, तू जरा बरी हो. ती म्हणाली, "तुझ्या हातात दिलं की मला काळजी नाही."

कपाटं तिथेच देऊन टाकली हे मी तिला सांगितलं नाही. अजून मला काही चुकलं आहे असं वाटत नव्हतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

दिवाळीनंतर सुभानपुऱ्याहून फिरत फिरत एक पत्र आलं. किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी एक तरुण मुलगी, मूळची कोकणातली, पत्र मराठीत. तिला आत्याचा फार जुना लेख कुठेतरी सापडला होता. तिनं लिहिलं होतं की ती त्याच करड्यावर काम करते आहे. मॅडमच्या अकरा ठिकाणांपैकी काही आता उरली नाहीत, कुठे धक्का झाला आहे, कुठे भराव. तेव्हाचे शंख फक्त मॅडमकडे असतील. बाटल्या आणि चिठ्ठ्या असतील तर येऊन मोजमापं घेऊ का?

मी ते पत्र आत्याला वाचून दाखवत होते. 'बाटल्या आणि चिठ्ठ्या' या शब्दांपाशी मी वाचायची थांबले. त्या क्षणी मला कळलं. आधी नाही, नंतर नाही, त्या दोन शब्दांच्या मध्ये जो 'आणि' आहे तिथे कळलं. आत्याला वाटलं मला गहिवरून आलं. तिनं माझा हात धरला.

त्यानंतरचे दिवस ती इतकी आनंदात होती की मला तिच्या खोलीत जाववत नसे. उशीला टेकून बसायची, केस विंचरून घ्यायची. त्या मुलीला कुठल्या क्रमानं काय दाखवायचं ते मला लिहून घ्यायला लावायची. दुसऱ्या कपाटातला सातवा खण, मग नववा. सगळं तिला तोंडपाठ होतं. मी वहीत लिहून घेत होते आणि त्या वहीतल्या एकाही ओळीला आता जगात जागा उरली नव्हती. सांगून टाकावं असं रोज सकाळी वाटे. चहा देताना सांगू, म्हणून मी चहा करायची, आणि कप ठेवून बाहेर यायची.

एका सकाळी ती म्हणाली, त्या मुलीला दाखवायच्या आधी मला एकदा बघू दे. सातव्या खणातली खाडीची पहिली बाटली आण.

मी आत गेले. खोक्यातल्या गठ्ठ्यातून खाडीची एक जुनी चिठ्ठी शोधली. डब्यातून मूठभर करडे घेतले, त्यांतले दहा निवडले. रिकाम्या बाटल्या मी ठेवल्या होत्या. मी बाटली भरली, चिठ्ठी गुंडाळून घातली, वर नवा कापूस लावला. 

तिनं शंख टॉवेलवर ओतले. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक शंख बोटानं फिरवून पाहू लागली. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली,

"हे खाडीतले नव्हेत. ओठ बघ. हे खडकावरचे. आणि हा एक तर तिसरीकडचाच."

मी म्हणाले, "चिठ्ठी तर हीच होती, आत्या."

तिनं चिठ्ठी उलगडून भिंगाखाली धरली. अक्षर तिचं, शाई तिची.

"हो," ती म्हणाली. "चिठ्ठी माझीच आहे."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मग मीच चुकले असेन तेव्हा," आत्या म्हणाली.

मी तिथे उभी होते. तोंड उघडायला एवढी सरळ जागा मला पुन्हा कधी मिळणार नव्हती.  तिनं दुसरी बाटली मागितली, मी तीही तशीच करून आणली. मग तिसरी. तिसऱ्या बाटलीनंतर तिनं भिंग उशीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शंख टॉवेलवर तसेच राहिले. तिनं ते बाटलीत परत भरले नाहीत. असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच करताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "त्या मुलीला लिही, येऊ नकोस. संग्रह भरवशाचा नाही. असंच लिही, आडवळणानं लिहू नकोस."

मी आडवळणानं लिहिलं. आत्याची प्रकृती बरी नाही, नंतर कळवते, एवढंच. आणि हे लिहायलाच हवं, त्या दुपारी मला जेवण गोड लागलं. आता कुणी येणार नव्हतं. कुणी डबे उघडणार नव्हतं.

ती त्यानंतर चार महिने होती. चिडली नाही, रडली नाही. फक्त मधूनच, दुसरंच काही बोलणं चाललेलं असताना, हिशेब लावायची की हे झालं कसं. कधी म्हणायची, धर्मशाळेत कंदिलाच्या उजेडात बाटल्या भरायचे, तिथेच गफलत झाली असेल. एकदा म्हणाली, त्या वर्षी पिशव्या आईकडे असायच्या. मग स्वतःच म्हणाली, "नाही. आईनं नसतं मिसळलं. तिला माहीत होतं." आपल्या मेलेल्या आईवर मनातल्या मनात आळ घेऊन तिनं तो माझ्यासमोर मागे घेतला, आणि मी तिच्या पायांना तेल लावत बसले होते.

ती गेली तेव्हा भेटायला आलेले सगळे म्हणाले, तू किती केलंस तिचं.

चौदावा झाल्यावर मी तिच्या वह्या वाचायला घेतल्या. मला आशा होती की तिनं सगळ्या शंखांची मापं लिहून ठेवली असतील, मग शंख मिसळले तरी फारसं बिघडणार नाही. पहिल्या काही वर्षांची मापं होती, ठिकाणवार, बारीक अक्षरात. मग एका पानावर लिहिलं होतं, आता आणण्यावर भर द्यावा, मोजणं पुढेही होईल, शंख आहेतच. तिथून पुढे मापं नव्हती.

मी आणखी काही आठवडे घालवले आणि मग त्या मुलीला खरं लिहिलं. तीन वेळा फाडून, चौथ्यांदा. ती मागच्या महिन्यात आली. पाठीवर पिशवी, उन्हानं रापलेली, पायांत रबरी चपला. मी डबे बाहेर काढले. तिनं एकाचं झाकण उघडलं, आत हात घालून मूठभर करडे उचलले आणि हळूच परत सोडले.  मग तिनं खोकं मागितलं आणि चिठ्ठ्या वाचत बसली, अर्धा तास तरी. एका चिठ्ठीवर थांबून तिनं विचारलं, ही आई म्हणजे कोण? मी तिला आजीबद्दल सांगितलं, चाळण आणि बादलीबद्दलही. ती पहिल्यांदा हसली.

मी तिला विचारलं, जाड ओठाचे खाडीतले आणि पातळ ओठाचे खडकावरचे, असे निदान वेगळे करता येतील का? मी बसून निवडीन, मला वेळच वेळ आहे. ती म्हणाली, "काकू, मॅडमना तेच तर तपासायचं होतं. तेच धरून निवडले तर त्यातून काय कळणार?"

मग मी तिला सगळं सांगितलं. बाटलीचं, भिंगाचं, आत्या काय म्हणाली ते. पत्रात मी मिसळल्याचं लिहिलं होतं, हे लिहिलं नव्हतं.  ती म्हणाली, कदाचित मॅडमना कळलं असेल. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतलं असेल.

आत्या गेल्यावर एकदा मी माझ्या वहिनींपाशी हे बोलले होते, त्याही असंच म्हणाल्या होत्या. मलाही हे मानायला आवडलं असतं. पण मी तिचा चेहरा पाहिला होता. आत्याला खोटं बोलता येत नसे, आणि शंखांबद्दल तर मुळीच नाही. तिला कळलं होतं याला माझ्याजवळ कसलाही आधार नाही. ती दयाळू गोष्ट आहे, पण तिला चिठ्ठी नाही.

ती मुलगी म्हणाली, "मग आता एकच करता येईल. लिहून ठेवा. नाहीतर उद्या कुणी हे डबे बघेल आणि म्हणेल, बाईंना नमुने नीट ठेवता येत नव्हते."

आत्याच्या सामानातली शाईची दौत सुकली होती. मी खाली जाऊन स्टेशनरीच्या दुकानातून ड्रॉइंगची काळी शाई आणली. लहानपणी कापायची त्याच मापाच्या चिठ्ठ्या कापल्या, सहा डब्यांना सहा. माप हाताच्या लक्षात होतं. नाव लिहिणं सोपं होतं. ठिकाण, ओख्याचा किनारा, अकरांपैकी कोणतं ते आता सांगता येत नाही. तारीख, ठाऊक नाही. उचलणारी, आत्या आणि तिची आई. त्याखाली रकाना नव्हता, मी केला. लिहिलं, चिठ्ठ्या बरोबर होत्या. बाटल्या बरोबर होत्या. मिसळणारी, भाची.

ती मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, आजची तारीख घाला, नोंद कधी केली ते कळायला हवं. मी तारीख घातली. तिनं आत्याच्या वह्या पिशवीत भरल्या. पहिल्या वर्षांच्या मापांशी आताचे शंख ताडून पाहता येतील, तेवढं तरी होईल, म्हणाली. तिला संध्याकाळच्याच गाडीनं परत जायचं होतं, परवा पाणी खूप उतरणार होतं.

ती गेल्यावर मी चिठ्ठी पुन्हा वाचली तेव्हा तिथी राहिल्याचं लक्षात आलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि सहाही चिठ्ठ्यांवर तारखेपुढे अमावस्या लिहिलं. मग शाई वाळेपर्यंत झाकणं उघडी ठेवून बसून राहिले.